आधी गुलाबी, मग पिवळा

सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी पेटतो, मग हळूहळू पिवळा होतो. एवढी एक गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणी सांगितली असती, तर तंजावूरच्या एका कॉलेजातली पुढची सगळी वर्षं मला ‘नियॉन सार’, म्हणजे नियॉन सर, म्हणून काढावी लागली नसती.

झालं असं, की पदार्थविज्ञानाचा नवा मास्तर म्हणून मी ऐटीत प्रयोगशाळेचे पडदे ओढले, काळोख केला आणि म्हणालो, “आता शुद्ध पिवळा रंग बघा. सोडियमचा. यात दुसऱ्या कशाची भेसळ नाही.” बटण दाबलं. दिवा गुलाबी. विडा खाऊन हसल्यासारखा गुलाबी. मी तो बंद केला, कपाटातून दुसरा काढला. तोही गुलाबी. “कंपनीनं फसवलंय,” मी पोरांना सांगितलं आणि टेबलाकडे पाठ करून त्या कंपनीबद्दल बराच वेळ कळवळून बोललो. दुसरा दिवा बंद करायचा मात्र विसरलो. पोरं हसायला लागली. मला वाटलं सदऱ्याला खडू लागलाय. वळून बघतो तर सगळी खोली पिवळी. पोरांचे दात पिवळे, माझा सदरा पिवळा, आणि दिवा मी सांगितलं होतं तस्सा, भेसळ नसलेला, शांतपणे जळत होता.

नंतर पुस्तक उघडून बघितलं. सोडियम थंड असताना काचेला चिकटून बसलेला असतो. त्याला उठवायला आत थोडा नियॉन वायू भरतात. आधी नियॉन पेटतो, त्याचा गुलाबी उजेड पडतो, त्याच्या उबेनं सोडियम वितळतो, वर येतो, आणि मग खोलीचा ताबा घेतो. थांबायचं असतं, एवढंच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हातातली कढई ओट्यावर ठेवून, पदर तोंडाला लावून हसली. “अहो, दिव्यालासुद्धा दम धरतां येतो. तुम्हांला कोण शिकवणार?”

आमच्या घरात मराठी बोलत. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आमच्यासारखी अजून काही घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथली, बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी. आमची मराठी ऐकून पुण्यातल्या एका दुकानदारानं मला “कुठल्या नाटकाचा प्रयोग आहे?” असं विचारलं होतं. माझ्या मराठीला तर उंबऱ्याच्या आतसुद्धा किंमत नव्हती. तिला बाहेरच्या तमिळनं पार भिजवून टाकलं होतं, आणि लिंगं तर मी देवावर हवाला ठेवून वापरत असे. तमिळमध्ये दिव्याला, भाकरीला आणि पुस्तकाला एकच वागणूक मिळते, कुणी तो नाही की ती नाही. बायको तिरुवैयारूची, कावेरीकाठची. तिच्या आईनं तिला मराठी अशी शिकवली होती, की शब्द वाकडा गेला तर जेवण पुढ्यातून ओढून घेईल. मी “भात उकडली” म्हणालो की आतून आवाज यायचा, “उकडला!” मी “चावी हरवला” म्हणालो की, “हरवली! आणि कोठें?” सगळा संसार आम्ही दोघांनी असा व्याकरणातून केला.

तिला माझ्या विषयात रस नव्हता, पण माझा विषय तिच्या स्वयंपाकघरात रोज यायचा. सांबार उतू गेलं, मीठ-पाणी गॅसवर सांडलं, की निळी ज्योत भस्सकन पिवळी होते. मी धावत जायचो. “सोडियम! बघ, सोडियम!”

“अहो, सोडियम राहूं दे, आधी गॅस बारीक करा!”

मी कधीच केला नाही. मी बघत राहायचो. मग तीच यायची, मला कोपरानं बाजूला सारायची आणि बटण फिरवायची.

एकदा तिला प्रयोगशाळेत नेलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि नव्या बायकोवर छाप पाडायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दुपारी, पडदे ओढून, सोडियमचा दिवा लावला. तो पिवळा होईपर्यंत दम धरला, एवढी अक्कल तोवर आली होती. मग त्याच्या पुढ्यात स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत मीठ टाकलं. “आता बघ.” मिठाची ती ज्योत, एरवी पिवळीधमक दिसली असती ती, त्या मोठ्या दिव्यासमोर काळी दिसायला लागली. काजळासारखी काळी, आणि जळत होती.

“जळतंय तेंच काळं?” ती म्हणाली. “सासरच्या सुनेसारखं?”

मी मास्तरी थाटात समजावलं. मंदिराच्या तळ्याला पायऱ्या असतात ना, तशा अणूच्या आत असतात. माणूस या पायरीवर उभा राहील किंवा त्या, मधे लोंबकळणार नाही. वरून खाली उडी मारली की जितकी उंची उतरली तितकाच उजेड बाहेर पडतो, ना जास्त ना कमी. प्रत्येक मूलद्रव्याचं तळं वेगळं, पायऱ्या वेगळ्या. तांब्याची उडी हिरवी, सोडियमची पिवळी. आणि वर चढायचं तर नेमका तेवढाच उजेड गिळावा लागतो. म्हणून त्या मोठ्या दिव्याचा पिवळा उजेड मिठाच्या ज्योतीतले सोडियमचे अणू गिळतात, आणि आपल्याला तिथं काळं दिसतं. सूर्याच्या उजेडातही अशा काळ्या रेघा असतात. कुठल्या रंगाची जागा रिकामी आहे ते बघून कळतं, वाटेत कोण बसलंय.

तिनं हे सगळं ऐकलं का, ठाऊक नाही. कपाटाच्या काचेत ती स्वतःला बघत होती. त्या उजेडात तिची हिरवी साडी राखेच्या रंगाची झाली होती आणि कुंकू काळं.

“घरीं चला,” ती म्हणाली. “कुंकू काळं दाखवतो तो दिवा मला नको.”

मी हसलो. नको तिथं हसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी निवृत्त झालो. मुलगी लग्न होऊन कोइंबतूरला गेली. मग एका सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, त्या गॅसवर...”

मी वाट बघितली. “गॅसवर काय?” असं विचारलं. पुढचं पान उलटलं. आणखी मोठ्यानं विचारलं, “गॅसवर काय गं?” तिसऱ्यांदा विचारायच्या आधी उठून गेलो असतो तर काही फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ते सज्जन आहेत. आत जाऊन बघितलं तर ती ओट्याची कड डाव्या हातानं घट्ट धरून उभी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळ्यांनी मला ते वाक्य पुरं करून सांगत होती. मला ते वाचता आलं नाही. गॅस मात्र बारीक केला. आयुष्यात पहिल्यांदा.

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, पाय थोडा राहिला, आणि बोलणं गेलं. “समजतं सगळं त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “फक्त बाहेर येत नाही.” मग त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “सार, घरात सोडियम कमी करायचा.” ज्याच्या जिवावर मी पोट भरलं, तोच. लोणच्याच्या बरण्या आणि अप्पळांचे, म्हणजे पापडांचे, डबे मी शेजारी देऊन टाकले.

ती बोलली ते हॉस्पिटलमध्येच, सोडायच्या आदल्या दिवशी. नर्स उशी नीट करत होती आणि बायको एकदम, स्पष्ट, खणखणीत म्हणाली, “तण्णि.”

म्हणजे पाणी. मी नाचायचाच बाकी होतो. मुलीला फोन केला, नर्सला मिठाई आणून दिली, वॉर्डातल्या अनोळखी माणसांना सांगत सुटलो. पाण्याचा पेला धरून तिच्याजवळ गेलो तेव्हा ध्यानात आलं, की आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी कुणाला तण्णि मागितलं नव्हतं. पाणीच मागितलं होतं.

घरी आल्यावर शब्द हळूहळू परत आले. तमिळ. पोदुम, म्हणजे पुरे. सेरि, म्हणजे बरं. मग मोडकी वाक्यं. मराठी एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, दोन भाषांच्या माणसात असं होतं कधी कधी, एक परत येते आणि दुसरी येत नाही, किंवा फार उशिरा येते. मी त्यांच्या वाक्यातलं ‘उशिरा’ तेवढं उचललं आणि बाकीचं तिथंच ठेवून आलो.

कारण मला ठाऊक होतं की! आधी गुलाबी, मग पिवळा. तमिळ हा नियॉन. बाहेरची, बाजारातली, शेजारपाजारची भाषा, वरवर असते म्हणून आधी पेटली. मराठी आत, काचेला चिकटून बसली आहे. तमिळच्या उबेनं ती वितळेल आणि वर येईल. हे मी मुलीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. एका दिव्याच्या बाबतीत मी आयुष्यात एकदा उतावळेपणा केला होता, या वेळी दम धरणार होतो.

दम कसला धरतो! स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण बाई घरी येत. “घरी कुठली भाषा, सार?”

“मराठी.”

“हिंदी?”

“मराठी.”

“बरं, पण चित्रांची कार्डं तमिळमधलीच आहेत हं.” मग केळ्याचं चित्र दाखवून ‘वाळप्पळम’, छत्रीचं दाखवून ‘कुडै’. मला वाटलं, इथंच घोटाळा होतोय, नियॉनलाच तूप वाढतायत. त्या गेल्या की मी माझी स्वतःची कार्डं काढायचो, मराठीसाठी. चित्रं मीच काढली होती. पहिल्याच दिवशी हत्ती दाखवला. तिनं निरखून बघितलं, डोळे बारीक केले, ओठ हलवले. मी श्वास रोखून बसलो.

“एलि,” ती म्हणाली.

एलि म्हणजे उंदीर. चित्र परत बघितलं, तिचं चूक नव्हतं.

आणि मग ती मला ‘सार’ म्हणायला लागली. थेरपिस्ट म्हणायच्या, नर्स म्हणायच्या, औषधवाला म्हणायचा, तेच तिनं उचललं. सकाळी कॉफी घेऊन गेलो की ती डाव्या हातानं पेला घ्यायची आणि आदबीनं विचारायची, “सार, साप्पिट्टिंगळा?” म्हणजे जेवलात का. पहिल्यांदा मला वाटलं ती थट्टा करतेय. कॉलेजातला ‘नियॉन सार’ तिला ठाऊक होता, मीच सांगितला होता. म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

मला ओळखत नव्हती असं नाही. सदऱ्याची कॉलर आत दुमडलेली दिसली की तोच डावा हात पुढं करून ती सरळ करायची, आणि असा एक कटाक्ष टाकायची की त्याला भाषा लागत नाही. फक्त हाक उरली नव्हती. ‘अहो’ मराठीत होतं, ते मराठीबरोबर गेलं. आणि तमिळमध्ये तिनं मला कधी हाक मारलीच नव्हती, तर ती सापडणार कुठून?

पुरावा मिळाला तो माझ्या चुकीतून. चहाचा कप उचलताना मी सहज म्हणालो, “चहा गार झाली.” तिची भिवई वर गेली! तीच ती जुनी भिवई. मान झटक्यानं वळली, ओठ एका बाजूनं थरथरले, आतून काहीतरी धावत दाराशी आलं, आणि बाहेर पडलं ते, “तप्पु!”

तप्पु म्हणजे चूक. माझं मराठी ती तमिळमधून तपासत होती.

आम्ही दोघं इतके हसलो की तिला ठसका लागला. मी मुलीला फोन केला. “अगं, तिला कळतंय! ‘चहा’ ‘तो’ आहे हे तिला कळतंय! म्हणजे पायऱ्या आत शाबूत आहेत. ज्या अणूला जो उजेड गिळता येतो, तोच त्याला बाहेर टाकता येतो. हा निसर्गाचा नियम आहे, डॉक्टरांचं मत नाही!”

मुलगी तमिळमध्ये म्हणाली, “अप्पा, मला पण मराठी कळतं. मी कधी बोलले?”

ती सगळंच तमिळमध्ये म्हणते. लहानपणापासून आम्ही मराठीत विचारायचो आणि ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, आणि आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं. तिचा हा प्रश्न मी न ऐकल्यासारखा केला.

मी चुका करत सुटलो. ठरवून, एकामागून एक. दूध सांडली. पंखा बंद पडली. पाऊस आली. चप्पल तुटला. प्रत्येक वेळी भिवई वर, मान वळलेली, ओठ थरथरलेले, आणि “तप्पु.” मी म्हणायचो, “मग बरोबर काय? सांग. बरोबर काय?” तिच्यासमोर खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लावून, तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. दिवा तापायची वाट बघावी तसा. ती प्रयत्न करायची. कपाळावर घाम यायचा. जीभ टाळूला लागायची, सुटायची, आणि काहीच नाही. एकदा “भिंत पडला” म्हणालो आणि ती “तप्पु” म्हणाली नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं डावा हात जोडता येईल तेवढा कपाळाशी नेला. “सार,” ती म्हणाली, “पोदुम, सार.”

मुलगी तेव्हा घरीच होती. माझी कार्डं गोळा करून तिनं माळ्यावर टाकली, हत्तीसकट.

मग मी चुका करणं सोडलं. मराठीत बोलायचो, पण विचारायचो नाही. ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. आमच्या घरात आता तिला कोण पाहुणं वाटत होतं, मी की मराठी, ते कळत नव्हतं. तिला वरणभात भरवताना एकदा मी स्वतःच तमिळमध्ये बोललो, अजून थोडं घ्या, असं, आदरार्थी. बायकोला तमिळमध्ये ‘तू’ म्हणायचं कसं, तेही मी कधी शिकलो नव्हतो.

मार्गळी महिन्याच्या थंडीत तिला ताप आला आणि छातीत उतरला. नर्सिंग होममध्ये खोली मिळाली, खिडकीत नारळाचं झाड. ती बडबडायला लागली आहे, असं मुलीनं मला सांगितलं तेव्हा मी खाली औषधं आणायला गेलो होतो. डॉक्टरांना विचारलं. “रक्तातला सोडियम उतरलाय, सार,” ते म्हणाले. “त्यानं भ्रम होतो. सलाइन चालू आहे.”

मी वर गेलो. दार अर्धं उघडं होतं. तिचं तोंड खिडकीकडे, पाठ माझ्याकडे. आणि ती मराठीत बोलत होती.

अडखळत नाही, मोडकं नाही. कावेरीकाठची, तिच्या आईची मराठी, लिंग-वचनासकट. मी धावत आत गेलो, खिडकीच्या बाजूला, तिच्या समोर. “अगं!”

तिनं मान वर केली. चेहरा सावध झाला, आदबशीर झाला. “वांगो, सार,” ती म्हणाली. “उक्कारुंगो.” या, बसा.

मी बसलो. थोड्या वेळानं डोळे मिटून ती कुशीवर वळली. मी पाय न वाजवता तिच्या उशाशी, सलाइनच्या स्टँडमागं जाऊन उभा राहिलो, तिला दिसणार नाही असा. आणि ती पुन्हा बोलायला लागली.

दरवर्षी शिकवताना मी एक वाक्य घाईघाईनं उरकायचो आणि कुणी ते वहीत उतरवत नसे. अणू उजेड गिळतो तो पोटात ठेवत नाही, परत टाकतोच. पण टाकतो सगळ्या दिशांना. जो दिव्याच्या रेषेत, बरोबर समोर उभा असतो, त्याच्या वाट्याला म्हणून काळोख येतो. बाजूला जाऊन बघा, ज्योत उजळच आहे.

“आई, नदीला पाणी आलं?” ती विचारत होती.

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची नक्कल मी हुबेहूब करायचो, नाकातला आवाज, शेवटचा स्वर लांबवायची लकब. बायको रागवायची आणि रागवता रागवता हसायची. त्या खोलीत, स्टँडमागं उभा राहून, मी नाकात म्हणालो, “आलं गऽ.”

मुलगी दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली.

“ते आले का?”

“कोण?”

“कोण काय विचारतेस! ते. दिवेवाले.”

“नाहीत आले अजून.”

“येतील. त्यांना वेळेवर काही जमलंय कधी?” ती थोडी थांबली. धाप लागत होती. “आल्यावर आधी वाढ. भूक लागली तरी सांगत नाहींत. आणि मीठ समोर ठेवूं नकोस. विस्तवांत टाकून बघत बसतात.”

मला हसू आलं आणि ते मी स्टँडच्या दांड्याला धरून आवरलं. मग जे विचारायचं धाडस तिच्या समोर बसून कधी झालं नसतं, ते सासूबाईंनी विचारलं. “त्रास देतात का गऽ तुला?”

मला वाटलं झोप लागली.

“नाहीं,” ती म्हणाली. “विचारतात फार. हें काय, तें काय. मला येतं सगळं, आई. अगदी तोंडाशीं येतं. ते समोर बसतात नि बघतात. मग पळतं.”

“मग सांगू का त्यांना? बघू नका म्हणून?”

“नको नको. बघूं दे. त्यांना दुसरं काय आहे?”

खिडकीबाहेर नारळाची झावळी हलत होती. तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, लहान मुली घेतात तसं. सलाइन थेंब थेंब उतरत होतं, म्हणजे सोडियम आत जात होता, ती बरी होणार होती, आणि बरी झाली की माझ्याशी तमिळ बोलणार होती. माझ्या मनात नेमकं काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

“आई,” ती म्हणाली, “येतें हं.”

“ये,” मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. आपल्यात कुणी दारातून निघताना येतो म्हणालं, येते म्हणालं, की आपण काय म्हणतो? ‘ये’ म्हणतो. ‘या’ म्हणतो. विचार करत नाही. इतक्या वर्षांत तिनं चूक ठरवलेलं, दुरुस्त केलेलं, शेवटी तिलाच रडवणारं माझं मराठी त्या एका जागी अगदी बरोबर आलं. मागाहून लक्षात आलं की ‘ये’ मी सासूबाईंच्या आवाजात नाही, माझ्या आवाजात म्हणालो होतो. तिनं तो ओळखला का, तेही कळायला मार्ग नाही. तिनं डोळे उघडले नाहीत, ‘सार’ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. त्या दोन घटका मी नेमका कॉफी प्यायला खाली उतरलो होतो. वेळेवर काही जमलंय कधी?

नंतर, लोक पांगल्यावर, मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. दारातून तिला सगळं ऐकू गेलं नव्हतं. शेवटी अम्मा काय म्हणाली, असं तिनं तमिळमध्ये विचारलं.

“येते, म्हणाली.”

तिला मराठी कळतं. ती म्हणाली, “कुणाला?”

हे तिनं मराठीत विचारलं की तमिळमध्ये, ते मला आता आठवत नाही. उत्तर मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.